शेपटीखालच्या गाठी

त्यांच्या पांढऱ्या घोड्याच्या, पिठ्याच्या शेपटीखाली पहिली काळी गाठ दिसली तेव्हा दोघी बहिणींनी लगेच जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. डॉक्टरीणबाईंनी हात धुता धुता समजूत काढली. "घोड्यांच्या गाठींत सगळ्यात जास्त दिसतं ते चामखिळीसारखं सारकॉइड. ते कातडीचं दुखणं, सहसा जिवावर बेतत नाही. गुलाबी पापण्यांच्या घोड्यांना डोळ्याचा कर्करोग होतो. आणि पांढऱ्यांना म्हातारपणापर्यंत या काळ्या गाठी येतातच. दहांतल्या आठांना तरी. बरेच जण त्या घेऊनच जगतात."

'येतातच' हा शब्द थोरलीनं धरून ठेवला.

घोडेस्वारीची शाळा दोघींचीच. शिकवायचं थोरलीनं, तबेला बघायचा धाकटीनं. नवशिक्यांसाठी पिठ्यासारखा घोडा नव्हता. पाठीवरचं पोर कलंडायला लागलं की तो आपणहून थांबायचा.

काही वर्षांत गाठींचा घोसच झाला. मग एका हिवाळ्यात त्याची लीद कमी झाली. जोर करायचा, थांबायचा, मान वळवून स्वतःच्याच पोटाकडे बघत राहायचा. डॉक्टरीणबाई कोपरापर्यंत हात आत घालून बराच वेळ उभ्या राहिल्या.

"आतही आहेत. वाट जवळजवळ बंद झालीय. याला आता सुई देऊन सोडवा."

"बरेच जण जगतात म्हणाला होतात!" थोरली तडकली.

"जगतात. सगळे नाही."

थोरली काही केल्या ऐकेना. "कालच गाजर खाल्लं त्यानं माझ्या हातून," म्हणाली. तेल पाजलं, कोमट कोंडा भरवला, अंग चोळून दिलं. धाकटी रोज लीद किती पडली ते बघायची.

एका सकाळी पिठ्या घामानं निथळत आडवा झाला. दात खात होता. थोरली पलीकडच्या मैदानावर शिकवत होती, तिचा आवाज इथवर येत होता. धाकटीनं तिला हाक मारली नाही. डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि पिठ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. सुई टोचल्यावर त्यानं एकच लांब श्वास सोडला.

थोरली आली तेव्हा त्याच्यावर ताडपत्री घातलेली होती.

"मला हाक मारायची होतीस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते." तिनं ताडपत्रीची कड सरळ केली. "कुठं बघत होता तो?"

धाकटीला खोटं बोलता आलं असतं.

"दाराकडे."

त्यानंतर दोघी एका घरात राहून परक्यासारख्या वागल्या. चाऱ्यापुरतं, शिकवणीपुरतं बोलायच्या. थोरली ताट घेऊन आपल्या खोलीत जेवायची.

एका दुपारी धाकटी तबेला झाडत होती. थोरली आत आली आणि तरण्या पांढऱ्या घोडीची शेपटी उचलून बोटांनी चाचपू लागली. धाकटीचा झाडू थांबला.

"आहे?"

"आहे. मसुराएवढी."

घोडी निवांत चारा चघळत होती.

"फोन कर," थोरली म्हणाली. "ही गाठ आत्ताच कापून काढता येते का, विचार."

धाकटी फोन आणायला धावली.