अबादानचा होकार

पहिल्याच विचारण्याला 'हो' म्हणणारा माणूस मी त्या वर्षापर्यंत इस्फहानात पाहिला नव्हता. म्हणजे एकदा पाहिला होता, पण तो माझा धाकटा भाऊ होता आणि पाच वर्षांचा होता. मावशीनं सरबताचा पेला पुढे केला आणि यानं सरळ उचलला! घरी आल्यावर आईनं त्याला असा धपाटा घातला की पुढची वीस वर्षं तो तहानेनं मेला तरी आधी दोनदा 'नको' म्हणतो. आम्ही ह्याला तारोफ म्हणतो. समोरच्यानं द्यायचं, आपण नाही म्हणायचं, त्यानं आग्रह करायचा, आपण लाजायचं, आणि हे सगळं यथासांग झालं की मग खुशाल तिघांचं एकट्यानं खायचं.

मी हाजी आगा झियांच्या गझ मिठाईच्या कारखान्यात कामाला आहे. पिस्ते घातलेल्या पांढऱ्या, चिवट गझच्या चकत्या पिठात लोळवायच्या आणि लाकडी पेटीत भरायच्या, हे काम मी सोळा वर्षं केलं. भुवयांत पीठ, कानांत पीठ. मग हाजी आगांच्या मनात आलं की तेहरानच्या दलालांना माल देण्यापेक्षा कचेऱ्यांनाच नवरोजच्या भेटीसाठी थेट पेट्या विकाव्यात. मला लिहिता-बोलता बरं येतं, म्हणून जिन्याखाली एक टेबल आणि एक कॉम्प्युटर देऊन मला बसवलं. अट एकच. नवरोजच्या आधीचा महिना इस्फंद, त्याच्या पंधरा तारखेला दुपारी बारापर्यंत दोन हजार पेट्यांची मागणी आली पाहिजे. नाही आली तर टेबल कॅशियरला आणि मी परत पिठात.

मला ते टेबल फार आवडायचं, सरळ सांगते. त्याचा एक पाय आखूड होता आणि डोक्यावर जिना होता, उभं राहिलं की टाळकं आपटायचं. पण तिथं मी फरंगीस खानुम होते. पिठाच्या खोलीत मी नुसती 'ए, पेट्या संपल्या' होते.

टेबल मिळाल्यावर लगेच भरलेल्या एका प्रदर्शनात आमच्या गाळ्यावर त्रेचाळीस जणांनी गझ चाखून वहीत आपला मेलचा पत्ता लिहिला होता. कुणी निघाला की मी त्याच्या नावापुढे त्याचं बोलणं टिपून ठेवायची. यझ्दच्या बँकेतले आगा सलहशूर: नवी दाढ बसवलीय, मऊ हवा. मुलींच्या शाळेच्या मेहरंगीझ खानुम: सासूबाई शिराझच्या, त्यांना इस्फहानचं काहीच पसंत पडत नाही. अबादानच्या जहाजदुरुस्ती कारखान्याचे आगा दश्तियानी: अकरा चकत्या खाल्ल्या, बोलले काहीच नाहीत.

हाजी आगांचा पुतण्या कामबीज मलेशियात धंद्याचं शिक्षण घेऊन नुकताच परतला होता. लहानपणी आमच्या खोलीतून पिस्ते चोरायचा, त्यामुळे मी त्याला अजून 'तू'च म्हणते. त्यानं एकच मेल तयार केली, 'आदरणीय ग्राहक', आणि ती त्रेचाळीस जणांना धाडायला निघाला.

"थांब," मी म्हटलं. "आदरणीय ग्राहक कोण? दाढ दुखतेय ती सलहशूरांची, ग्राहकाची नाही."

मी एकेकाला वेगळी मेल लिहिली. सलहशूरांना विचारलं, नवी दाढ रुळली का? तिच्यासाठी आमच्याकडे खास मऊ गझ आहे. मेहरंगीझ खानुमना लिहिलं, सासूबाईंना पेटी द्या, पण इस्फहानचं नाव झाकून द्या. दश्तियानींना लिहिलं, बारावी चकती तुमची वाट पाहतेय.

दोन दिवसांत उत्तरं आली. बेचाळीस नकार! आणि काय गोड नकार! 'आपली कृपा आहे, पण आम्ही ह्या योग्यतेचे कुठे.' 'आपल्या हातांना श्रम नकोत.' वाचून मी खुर्चीतच हसत सुटले. कामबीज मात्र यादीवर लाल रेघा मारत होता.

"हे काय चाललंय?"

"फरंगीस खानुम, नको म्हणजे नको. तिकडे आम्हाला हेच शिकवलंय. नाव कापायचं, पुढे जायचं."

"तुझं लग्न लागताना काझी असं कापून पुढे गेला असता तर? पहिल्यांदा विचारलं तेव्हा बायका म्हणाल्या, नवरी फुलं वेचायला गेलीय, आणि नवरी तर समोरच बसलेली. दुसऱ्यांदा म्हणाल्या, गुलाबपाणी आणायला गेलीय. 'हो' बोलली कधी?"

"तिसऱ्यांदा," कामबीज पुटपुटला.

"तुझ्या काकूनं तर मला चौथ्या वेळेपर्यंत लटकवलं होतं," वरच्या खोलीतून हाजी आगा ओरडले. "लिहू दे तिला!"

मी दुसरी फेरी लिहिली. सलहशूरांना: 'तुम्ही नको म्हणालात, दाढेला विचारलंत का?' उत्तर आलं: 'आपण उगाच तसदी घेता.' कामबीजला हाही नकारच दिसला. मला मात्र दार किलकिलं झालेलं दिसलं, कारण 'नको' जाऊन 'तसदी' आली होती. तिसऱ्या फेरीत दार उघडलं. 'आपण इतकं म्हणताच आहात तर, आपला मान ठेवून, साठ पेट्या.' मेहरंगीझ खानुमनी चाळीस मागवल्या, शिवाय एक नाव झाकलेली. कॉम्प्युटर टिंग वाजला की मी उठायची, टाळकं आपटायची आणि त्याच झोकात एक गिरकी घ्यायची. पेट्या भरणाऱ्या बायका पिठाच्या हातांनी टाळ्या पिटत लू-लू-लू करायच्या. खोलीभर पांढरा धूर!

आता त्या त्रेचाळिसाव्याचं सांगते. दश्तियानींचं उत्तर पहिल्याच मेलला, दहा मिनिटांत आलं होतं. 'हो. सातशे पेट्या. बिल पाठवा.'

मी ते सगळ्यांना वाचून दाखवलं आणि आम्ही पोट धरधरून हसलो.

"अहो, ही ऑर्डर आहे!" कामबीज कळवळून म्हणाला.

"अरे, अबादानचा माणूस तो, बढाया मारणारच. त्यांना विचारलं तर गावाजवळची अरवंद नदीसुद्धा त्यांच्या आजोबांनी खणलेली असते. मोठेपणानं म्हणाला बिचारा. मी लगेच बिल पाठवलं तर किती हावरट दिसेन!"

मी लिहिलं: 'आपल्या मनाच्या मोठेपणापुढे आम्ही लहान आहोत. काही घाई नाही.' त्यांनी लिहिलं: 'घाई आहे. पाठवा.' काय खानदानी माणूस, मी म्हटलं, आणि लिहिलं: 'आपण म्हणालात यातच आम्हाला सगळं पोचलं.' त्यांचं उत्तर आलं: 'तुम्हाला पोचलं असेल, मला कुठे पोचलंय? खानुम, तुम्हाला गझ विकायचा आहे की नाही?' इतका आग्रह तर आमच्या जुन्या इस्फहानी म्हाताऱ्यांतही उरलेला नाही. मी भारावून गेले आणि त्यांच्या प्रकृतीची, पाठीबिठीची चौकशी केली.

पंधरा तारीख उजाडली. तिसरी फेरी संपली होती, चौथीला कुणी उरलं नव्हतं. मागणी तेराशे वीस पेट्यांवर अडली होती. नऊ वाजता हाजी आगा जपमाळ ओढत खाली आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "फरंगीस खानुम, तुम्ही कमाल केलीत. पण शब्द तो शब्द. बारा वाजता कॅशियर सामान आणेल." आणि झटकन वर निघून गेले.

मला रडू फुटलं. बायकांसमोर नको म्हणून मी टेबलाखाली पेन शोधत बसले.

कामबीज वाकून म्हणाला, "अबादान."

"आणि तो खरं बोलत नसला तर? मी बिल पाठवायचं आणि तिकडे सगळी गोदी हसेल माझ्यावर!"

"म्हणजे हा तारोफ नाही, तुम्हाला भीती वाटतेय."

एवढी वर्षं पिस्ते चोरणाऱ्या पोरानं अचूक दुखऱ्या जागी बोट ठेवलं. खरंच, मला भीतीच वाटत होती. एवढं मोठं 'हो' मला याआधी कुणी म्हटलंच नव्हतं. मी नाक पुसलं आणि एकच ओळ लिहिली: 'आगा दश्तियानी, तुम्ही खरंच हो म्हणत होता का?'

दहा वाजले, उत्तर नाही. अकरा वाजले तरी नाही. एवढा सरळ माणूस मी नम्रपणा करकरून पळवून लावला, स्वतःच्या हातांनी. साडेअकराला कॅशियर आपली फुलझाडाची कुंडी घेऊन आला आणि माझ्या टेबलावर ठेवून गेला.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. एकदा नाही, लग्नाच्या वरातीत वाजवतात तसा लांबलचक. दारात एक ट्रक उभा होता. त्यातून काळा चष्मा लावलेला एक आडव्या अंगाचा माणूस खजुरांची टोपली घेऊन उतरला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा गरजला, "ती 'घाई नाही' वाली खानुम कुठाय?"

मी उठले. टाळकं आपटलं. "मीच ती."

"अगं ताई, किती वेळा हो म्हणू? हात जोडून म्हणू? सातशे माणसं आहेत माझ्याकडे. मी त्यांना सांगून बसलोय की ह्या नवरोजला घरी इस्फहानचा गझ न्यायचा. आणि मी पेट्या मागतोय तर तू विचारतेस, पाठदुखी कशी आहे! शेवटी म्हटलं, मेलनं ह्या बाईचं समाधान होत नाही, स्वतःच जाऊन तोंड दाखवावं. कालपासून ट्रक चालवतोय, आता खरोखरच पाठ दुखतेय!"

"पण आगा, तुम्ही पहिल्याच झटक्यात हो म्हणालात..."

"मग कितव्या झटक्यात म्हणायचं? हवं होतं, म्हणून हो म्हणालो. कुणी मनापासून काही पुढे केलं तर हात पुढे करावा, ताई. नाहीतर देणारा आयुष्यभर हात लांब करून उभाच राहतो."

मी तिथेच, उभ्या उभ्या, बिल केलं. बाराला सात मिनिटं कमी होती. बायकांनी असा काही लू-लू-लूचा गजर केला की शेजारच्या तांबटानं ठोकणं थांबवलं. कुणीतरी पिठाची मूठ उधळली आणि अबादानचा काळा चष्मा पांढरा झाला. कामबीज नाचत होता, वाईट नाचत होता. मला हसू येत होतं, रडू येत होतं, दोन्ही एकदम येत होतं आणि कुठलंच थांबवावंसं वाटत नव्हतं.

हाजी आगा जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत आले. आनंदानं त्यांचा चेहरा फुलून आला होता. छातीवर हात ठेवून ते सगळ्यांसमोर म्हणाले, "फरंगीस खानुम, जिन्याखालचं टेबल काय घेऊन बसलात! वरची माझी खोली, खिडकीसकट, खुर्चीसकट, आजपासून तुमची! तुमच्यापुढे तिची काय किंमत!"

आता मी काय म्हणायचं ते पिठातल्या बायकांपासून कॅशियरपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. 'छे छे, आपली सावली आमच्या डोक्यावर असू दे.' माझी जीभ टाळ्याला लागलीसुद्धा. मी आगा दश्तियानींकडे पाहिलं. ते चष्मा पुसत पुसत माझ्याकडे बघत होते.

"हो," मी म्हणाले. "कुंडी इथंच राहू दे, मी वर जाते."

हाजी आगांचा हात छातीवर तसाच राहिला. ते चौतीस वर्षं त्या खोलीत बसत होते. त्यांनी जिन्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा जिन्याकडे. मी शब्द परत घेतला नाही.

"खिडकीची कडी जरा अडकते," शेवटी ते हळूच म्हणाले. "आधी वर उचलायची, मग ओढायची."