ढिल्या तारा

जगदेवनं आधी पोतं बसमध्ये चढवलं आणि मग स्वतः चढला. युरियाची दोन रिकामी पोती एकमेकांना शिवून त्यानं त्या लांबड्या वस्तूला खोळ केली होती. ती उभी धरावी तर टपाला लागे, आडवी ठेवावी तर येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येई. शेवटी दोन गुडघ्यांमध्ये ती तिरपी धरून तो खिडकीशी बसला. डावा हात नेहमीसारखा खिशात होता.

शेजारी गोजराबाई वांग्यांची टोपली घेऊन बसली होती. धनजचीच, त्याच्या गल्लीतली. कारंज्याच्या बाजारात ती रोज भाजी नेत असे आणि गावातली प्रत्येक बातमी तिला भाजीच्या आधी विकायची असे.

"भाऊजी, काय हाय त्यात? फवारनीचा पंप का?"

"गिटार हाय."

"ते काय असते बाप्पा?"

"वाजवाचं असते."

"मंग असं म्हना ना. भजनात वाजवता का?"

"नाई. कालेजात प्रोग्राम हाय आज. आमची जुनी पार्टी जमून राह्यली."

गोजराबाईची नजर त्याच्या खिशाकडे गेली. त्या खिशात काय आहे हे गावाला माहीत होतं. मधल्या दोन बोटांची पेरं नसलेला हात.

"तुमी वाजवान?"

"वाजवीन," जगदेव म्हणाला. चारचौघांत हे बोलायची ही त्याची पहिलीच वेळ होती, म्हणून तो जरा मोठ्यानंच म्हणाला. पुढच्या बाकावरच्या माणसानं मागं वळून पाहिलं.

त्याला खात्री होती, कारण इंद्रभाननं फोनवर तसं सांगितलं होतं. कॉलेजला पन्नास वर्षं होतात, आपला बँड पुन्हा उभा राहतोय, आणि तू पायजेच. तुझ्याबिगर प्रोग्राम नाही. शेवटी तो म्हणाला होता, "तुही गिटार असन तर घिऊन ये." फोन ठेवल्यावर जगदेवनं गिटारच्या तारा बदलायला घेतल्या. या एका वाक्याची वाट पाहण्यात त्याचं अर्धंअधिक आयुष्य गेलं होतं.

बँडचं नाव होतं ब्लॅक सॉइल. कारंज्यात कुणीच तसं म्हणत नसे; लोक त्यांना काळी माती म्हणत. इंद्रभान गायचा, मदनसिंग बेस वाजवायचा, भिवाजी ड्रमवर आणि जगदेव गिटारवर. लग्नाच्या बँडची सवय असलेल्या गावाला त्यांचा आवाज म्हणजे छळ वाटे. एका म्हाताऱ्या अडत्यानं तर तोंडावर सांगितलं होतं की यापेक्षा कापसाच्या जिनातलं यंत्र बरं, निदान सरकी तरी वेगळी निघते. तो चुकला नव्हता. जगदेव सुट्टीत जिनात काम करायचा आणि त्या यंत्राची धडधड त्यानं जशीच्या तशी गिटारवर आणली होती. मंद, जड, जमिनीतून वर आल्यासारखी. ते त्यांचं स्वतःचं एकमेव गाणं. बाकी सगळी विलायतेची, इंद्रभानच्या मामानं मुंबईहून आणलेल्या कॅसेटवरची.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी त्याच जिनाच्या रोलरनं बोटं नेली. दवाखान्यातून आल्यावर तिघं त्याच्या खाटेभोवती बसले होते. कुणीतरी त्याच्या करमणुकीसाठी ती आवडती कॅसेट लावली. पहिलं गाणं सुरू झालं आणि भिवाजी रडायला लागला. इंद्रभाननं उठून टेप बंद केला. त्या दिवसापासून त्या तिघांनी जगदेवसमोर कधी संगीताचा विषय काढला नाही. दुखऱ्या जागेवर बोट ठेवायचं नाही, असं त्यांनी आपसांत ठरवलं असावं. आणि चांगली माणसं एकदा असं ठरवतात तेव्हा ते मरेपर्यंत पाळतात.

पुढं कित्येक वर्षांनी जगदेवनं मोबाइलवर एका म्हाताऱ्या गोऱ्या गिटारवाल्याची हकिकत ऐकली. कारखान्याच्या गावातला पोरगा. पत्रा कापायच्या यंत्रात त्याच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. त्यानं बाटलीचं प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, बोटांना दाबायला सोपं जावं म्हणून पुढं तारा ढिल्या केल्या. त्या ढिल्या तारांतून जो जड आवाज निघाला, त्याच्याच पोटी पुढचं सगळं हेवी मेटल जन्माला आलं, असं लोक म्हणतात. जगदेवनं नाव पाहिलं आणि मोबाइल खाली ठेवला. त्या खाटेशी जी कॅसेट लावली होती, ती याच माणसाची होती. गिटार गेली म्हणून भिवाजी ज्या आवाजावर रडला होता, तो आवाज तसल्याच तुटक्या बोटांचा होता. कॅसेटच्या चित्रात बोटं दिसत नव्हती, एवढंच.

त्याच्या बायकोनं, वैजयंतीनं, आपल्या शिवणकामाच्या डब्यातून सुई टोचू नये म्हणून बोटात घालायच्या दोन लोखंडी टोप्या काढून दिल्या. जुन्या वहाणेचं चामडं त्यानं वर चिकटवलं. गिटार आणि तिचा जुना स्पीकर संत्र्याच्या बागेतल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत गेला. शेतीची लाईन आली की मोटर चालू करायची आणि तिच्या घरघरीत वाजवायचं, म्हणजे बाहेर कुणाला ऐकू जायला नको. वैजयंती उलट्या बादलीवर बसून ऐकायची.

"भिवाजी भाऊजीले सांगा ना," ती म्हणायची. "कामरगावातच तं हायेत. बाजारात भेटता तुमी."

"थो पुसन तवा सांगीन."

"आन नाई पुसलं तं?"

यावर तो मोटर चालू करायचा. वैजयंती वारली, लेक ज्योत्स्ना लग्न होऊन नागपूरला गेली, बादली मात्र तिथंच होती. भिवाजी बाजारात भेटायचा, खताचे भाव बोलायचा, संत्र्याची गळ किती झाली विचारायचा. आणि जगदेव मनात म्हणायचा, आता पुसन. आता पुसन.

कारंज्याच्या स्टँडवर उतरल्यावर त्यानं एका आडोशाला टोप्या बोटांत बसवल्या आणि हात पुन्हा खिशात घातला. सगळ्यांच्या देखत त्या चढवत बसणं त्याला नको होतं.

कॉलेजच्या हॉलमध्ये स्टेजवर मोठा फ्लेक्स लागला होता. वर ब्लॅक सॉइल. खाली चौघांची नावं: इंद्रभान, मदनसिंग, भिवाजी आणि गिटारवर पवन. त्याच्याही खाली, वेगळ्या रंगात, 'सत्कारमूर्ती: श्री. जगदेवराव, धनज.'

जगदेवनं ते दोनदा वाचलं.

"आला का बे लेका!" इंद्रभान स्टेजवरूनच ओरडला. पुण्यात बँकेत मोठा साहेब होऊन तो रिटायर झाला होता, पण कारंज्यात पाय पडला की त्याची भाषा जागेवर येई. त्यानं खाली येऊन जगदेवला कवटाळलं. मग पोत्याची शिवण उसवली आणि गिटार बाहेर काढली. "अरे भिवाजी, पाय! यानं जपून ठेवली रे!"

मदनसिंग आला, भिवाजी आला. भिवाजीचे डोळे लगेच भरले. त्याचे ते नेहमीच भरत. ड्रमवर त्याचा हात बसला आहे हे काड्या धरण्यावरूनच कळत होतं. म्हणजे सराव झाला होता. गेले दोन महिने रविवारी बाजारात दिसत नाहीस, असं जगदेवनं विचारलं तेव्हा हा 'लेकीकडं जाऊन राह्यलो' म्हणाला होता.

"हा पवन, माहा पोरगा," इंद्रभान म्हणाला. "तुही जागा यानं भरून काढली, आता काय करता."

पवन वाकून पाया पडला. पोरगं गुणी दिसत होतं. त्यानं जुनी गिटार हातात घेतली, तारांवरून अंगठा फिरवला आणि कपाळाला आठी घातली.

"काका, तारा नव्या वाटतात. पण फारच ढिल्या झाल्यात. लावून देऊ का?"

"राहू द्या तशाच," जगदेव घाईनं म्हणाला.

"राहू दे रे पवन," इंद्रभान म्हणाला. "शोभेलेच ठेवाची हाय ते."

स्टेजच्या कडेला एक खुर्ची आली. तिच्यावर भरजरी कापड अंथरलं गेलं. गिटार त्यावर टेकवून तिच्या मानेत झेंडूचा हार घातला. सूत्रसंचालन करणाऱ्या राधिका मॅडमनी कुंकवाचं बोट लावलं. गिटार आता थेट दिवंगत संस्थापकांच्या फोटोसारखी दिसत होती. उदबत्ती तेवढी राहिली होती.

जगदेवला पहिल्या रांगेत, मधोमध बसवलं. मान मोठा होता. एवढा मान की त्यातून उठून जाताही येत नव्हतं.

कार्यक्रम सुरू झाला. इंद्रभानचा आवाज उतरला होता, पण तो वय लपवत नव्हता, ते बरं होतं. मदनसिंग डोळे मिटून वाजवत होता. आणि पवन सुंदर वाजवत होता, हेच वाईट होतं. तो चुकला असता तर जगदेवला त्याचा राग तरी करता आला असता. खिशातल्या खिशात त्याची बोटं मांडीवर सूर दाबत होती. आपण इथं कशाला आलो, असं त्याला झालं. मोटारीच्या खोलीत एकटं वाजवताना तो एकटा नव्हता. तिथं ही तिघं असत, तरुण, त्याच्या भोवती. आज ती समोर होती आणि तो एकटा होता.

चार गाण्यांनंतर इंद्रभाननं माईक घेतला.

"मित्रहो, आमचं स्वतःचं एकच गाणं होतं. जिनाचं गाणं. ते आम्ही आज वाजवणार नाही. ते जगदेवच्या बोटांसोबत गेलं. त्याच्या दुःखाचा मान म्हणून आम्ही ते इतक्या वर्षांत एकदाही वाजवलं नाही. या माणसानं काय सोसलं, ते आम्ही तिघं जाणतो."

टाळ्या पडल्या. राधिका मॅडमनी जगदेवला वर बोलावलं. इंद्रभाननं त्याच्या खांद्यावर शाल टाकली. भिवाजी ड्रमवरून उठून नारळ घेऊन आला आणि त्यानं तो पुढं केला.

जगदेवनं उजवा हात पुढं केला. भिवाजी थांबला. नारळ कुणी एका हातानं घेत नाही. समोर हॉल भरलेला, फोटोवाला खाली गुडघ्यावर बसलेला, सगळे वाट पाहत होते. जगदेवनं डावा हात खिशातून काढला आणि ओंजळ केली.

इंद्रभाननं त्या टोप्या पाहिल्या आणि नजर दुसरीकडं वळवली. दुखरी बोटं झाकायला काहीतरी घातलं असेल बिचाऱ्यानं. फोटोवाल्यानं फोटो काढला.

भिवाजीनं नजर वळवली नाही. नारळ ठेवता ठेवता त्याचा हात तसाच राहिला. टोप्यांवरच्या चामड्यावर बारीक रेघा होत्या. एका शेजारी एक, खोल, काही जुन्या, काही अगदी ताज्या. तारांशिवाय दुसऱ्या कशानं तशा रेघा पडत नाहीत.

टाळ्या चालूच होत्या, म्हणून दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नाही.

"कवापासून?" भिवाजीनं विचारलं.

"लय वर्सं झाले. वैजयंती होती तवापासून."

"मले सांगतलं काहून नाई?"

"तू पुसलं नाईस."

भिवाजी रडणारा माणूस. पण आता रडला नाही. तो वळला आणि ड्रममागं जाऊन बसला.

राधिका मॅडम पुढच्या गाण्याचं नाव सांगत होत्या. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत भिवाजीनं काड्या उचलल्या. मंद, जड ठोका. जिनाच्या यंत्राचा. मदनसिंगनं डोळे उघडले. इंद्रभान चमकून मागं वळला.

"भिवाजी, अरे, हे नाही आपल्या..."

भिवाजी थांबला नाही. वाजवता वाजवताच त्यानं मानेनं पवनला खूण केली.

"तुही वायर काढ. त्याले दे."

पवनला काही कळलं नाही. तरी त्यानं आपल्या गिटारची वायर काढली आणि धरून उभा राहिला. मदनसिंगचा बेस ठोक्यात येऊन मिसळला. सुरुवातीचा भाग संपला, गिटार यायची जागा आली आणि रिकामीच गेली. भिवाजी पुन्हा पहिल्यापासून वाजवू लागला.

जगदेव नारळ घेऊन उभा होता. तो कुणाकडं द्यावा म्हणून त्यानं इकडंतिकडं पाहिलं. घेणारं कुणी नव्हतं. मग तो खुर्चीपाशी गेला. गिटारचा हार त्यानं काढला, तिला उचललं आणि तिच्या जागी नारळ ठेवला. शाल खांद्यावरून घसरत होती, तीही तिथंच ठेवली. पवननं वायर खोचून दिली. टोप्या चढवलेली बोटं ढिल्या तारांवर बसली, रोजच्या जागी.

ठोका पुन्हा फिरून त्या जागेकडं येत होता. जगदेवनं सवयीनं कान दिला, पण मोटारीची घरघर नव्हती. इथं जे वाजेल ते सगळ्यांना ऐकू जाणार होतं. ज्या एका माणसाला ते तोंडपाठ होतं, ती बादलीवर बसणारी वैजयंती तेवढी इथं नव्हती.

त्यानं तार छेडली.