न रडणाऱ्या बाळाचे वजन

मित्रांनो, मी तान्ह्या बाळांचे वजन करणारा एक जुना काटा आहे. पत्र्याचे पसरट पारडे, खाली लोखंडी बैठक आणि पुढे सरकते वजन असलेली दांडी, एवढाच माझा पसारा. एका कारागिराने माझी दांडी कानसून कानसून अशी जुळवली, की पारड्यात नुसते दुपटे राहिले तरी मला कळावे. तेव्हापासून मी दवाखान्यात खिडकीपाशी उभा राहिलो. किती बाळांनी मला भिजवले, त्याची गणती नाही. मी कधी राग मानला नाही.

एकदा जुळ्या मुली आल्या. जन्माच्या वेळी दोघींचे वजन जवळजवळ सारखे, स्वभाव मात्र दोन टोकांचे. थोरली पारड्यात ठेवण्याआधीच टाहो फोडी. घरचे तिला भोंगा म्हणत. धाकटी टकमक छताकडे बघत पडून राही. ती शहाणी. त्यांच्या आईचे वडीलही बरोबर येत. हे आजोबा बाकावरच्या प्रत्येकाला सांगत, की शहाणी घरात आहे की नाही, तेसुद्धा कळत नाही.

दोघी दोन महिन्यांच्या झाल्या. भोंगाने माझी दांडी भलतीच पुढे ढकलली. शहाणीसाठी मात्र दवाखान्यातल्या सिस्टरला वजन मागे मागे न्यावे लागले. पंधरा दिवसांत जेमतेम पन्नास ग्रॅमची वाढ. सिस्टरच्या कपाळाला आठी पडली. आजोबांनी माझ्याकडे बोट दाखवले.

"काटा म्हातारा झालाय, माझ्यासारखाच. त्याचं काय मनावर घेता?"

मित्रांनो, ते शब्द मला फार लागले. सिस्टरने कपाटातून एक किलोचे वजन आणून पारड्यात ठेवले. दांडी बरोबर एकावर स्थिरावली. तिने पुन्हा ठेवून पाहिले. पुन्हा तेच.

"आजोबा, काटा खरं बोलतोय," ती म्हणाली.

डॉक्टरांनी शहाणीला तपासले. आजार काही नव्हता. मग सिस्टरने आईला जवळ बसवून दिवसभराची हकिकत विचारली. भोंगा रडली, की आई तिला पाजायला घेई. मग ती कंटाळून रडो की झोप आली म्हणून. शहाणी मागतच नसे. दोन घोट घेऊन झोपून जाई, आणि आईला वाटे, हिचे पोट भरले. दोघींना सांभाळताना ती मेटाकुटीला आली होती. जी गप्प आहे ती सुखात आहे, असे ती धरून चालली होती. सांगता सांगता तिने शहाणीला उराशी धरले.

"मी हिला उपाशी ठेवलं का हो, सिस्टर?"

"तिनं सांगितलं नाही, म्हणून तुम्हाला कळलं नाही. आता आपणच तिला विचारायचं."

विचारायचे कसे, तेही तिने दाखवले. बाळ ओठ हलवते, मान वळवून शोधते, मूठ चोखते, ती भूक. शहाणीला दोन-अडीच तासांनी उठवून पाजायचे, मध्येच झोपली तर तळपाय चोळायचे. भोंगा रडली, तर आजोबांनी आधी तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारायच्या. भूक नसेल, तर ती तेवढ्यानेच शांत होईल. आजोबांनी खाली मान घालून होकार दिला.

पुढच्या आठवड्यात शहाणी दोनशे ग्रॅमने वाढली. आजोबांनी माझे पारडे स्वतः पुसून दिले.

स्वभाव काही पालटले नाहीत. भोंगा ओरडतच राहिली, शहाणी गप्पच. महिन्याभराने सिस्टरने त्यांचा नंबर पुकारला. आई उठली आणि थबकली. शहाणी आवाज न करता मूठ चोखत होती.

"वजन नंतर करू, सिस्टर. हिला भूक लागलीय," आई म्हणाली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसली. माझे पारडे रिकामेच राहिले. रिकामे राहून एवढे बरे मला कधी वाटले नव्हते.

आता माझ्या जागी चकचकीत आकड्यांचा नवा काटा आहे आणि मी कपाटावर धूळ खात आहे. त्याचे मला दुःख नाही. मित्रांनो, एवढेच मागणे आहे. तुमच्या घरी तान्हे बाळ आले आणि ते रडले, तर त्याला उचलायला सगळेच धावतील. पण पाळण्यातून बराच वेळ आवाज आला नाही, तर तुम्ही एकदा डोकावून बघा.