टीव्हीवरून शिवलेला कोट

टेलरबाईंच्या गळ्यात टेप असायची ती निव्वळ सवयीने. माप त्या नजरेनेच घ्यायच्या. माणूस दुकानाच्या दोन पायऱ्या चढून आत येईपर्यंत त्याची छाती, खांदा आणि बाही त्यांच्या डोक्यात लिहून झालेली असे. मग टेप लावायची ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. तीस वर्षांत आपली नजर अर्ध्या इंचानेही चुकली नाही, असं त्या सांगायच्या. त्यांचे यजमान वायरमन होते. ते शेजारी असले तर लगेच दुरुस्ती करायचे, "पाव इंचाने म्हण."

तर अशा या बाईंकडे एके दिवशी व्हायोलिनमास्तर आले. मास्तर इतके सडपातळ की वाऱ्याच्या दिवशी लोक त्यांना सहज म्हणून हाताला धरत. चाळीस वर्षं एका वाद्यवृंदात वाजवल्यावर आता ते निवृत्त होणार होते. शेवटचा कार्यक्रम तीन आठवड्यांवर आला होता. त्यांनी खिशातून रुमाल काढला, रुमालाच्या घडीतून पेनड्राइव्ह काढला आणि टेबलावर ठेवला.

"ताई, यात एक जुना सिनेमा आहे. काळापांढरा. तरुणपणी अकरा वेळा पाहिला. त्यातला नायक व्हायोलिन वाजवतो ते सगळं खोटं. बोटं भलतीकडेच पडतात. पण त्याचा कोट मात्र खरा आहे! तसा कोट घालून एकदा वाजवायचं राहून गेलंय."

"राहून कशाला जातंय?" बाई म्हणाल्या.

दुकानामागेच त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. तिथल्या भिंतीवर वर्षापूर्वी घेतलेला मोठा टीव्ही होता. वायरमननी तो स्वतः लावला होता, स्वतः जुळवला होता, आणि त्याच्या रिमोटला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. दुपारी बाईंनी सिनेमा लावायला सांगितला. नायक एका सायकलीला टेकून उभा होता, अंगात तो कोट. "थांबवा, थांबवा!" त्या ओरडल्या, आणि टेप घेऊन पडद्याला भिडल्या.

त्यांची रीत सरळ होती. मास्तरांची उंची आणि अंग ठाऊक होतं. पडद्यावरच्या कोटाची लांबी मोजायची, मास्तरांच्या कोटाच्या लांबीशी तिचं प्रमाण बसवायचं आणि त्याच हिशेबाने बाकीचं काढायचं: खांदा किती बाहेर, छातीवर उलटणारी कॉलर किती रुंद, खिशाची झडप केवढी, अंगात ढिलेपणा किती. आकडे पाहून त्या जरा थबकल्या. कॉलरची पट्टी चार इंच येत होती, झडप सात इंच. पण पडद्यावर तर दिसतच होतं. नायक चांगला आडव्या अंगाचा गडी, कोट ऐसपैस.

"त्या काळी असेच घालत असतील," त्या म्हणाल्या आणि कात्री उचलली.

पहिल्या ट्रायलला मास्तरांनी कोट चढवला आणि आरशासमोर उभे राहिले. आरशात कोट दिसत होता. मास्तर शोधावे लागत होते. खांद्यांची टोकं दोन्हीकडे छपरासारखी बाहेर आली होती आणि कॉलर उडायच्या बेतात होती. मास्तर भला माणूस. त्यांनी एकदा उजवीकडून पाहिलं, एकदा डावीकडून पाहिलं.

"सुंदर आहे," ते म्हणाले. "जरा... हवेशीर आहे." मग बाईंचा चेहरा पाहून घाईघाईने म्हणाले, "वाजवताना घाम येतो ना, बरंच आहे!"

कुणी भांडलं असतं तर बाईंनी दोन शब्द सुनावले असते, पण या समजूतदारपणावर काय बोलणार? मास्तर गेल्यावर त्या कोट मांडीवर घेऊन बसून राहिल्या. वायरमन कामावरून आले तेव्हा दुकानाचा दिवासुद्धा लावलेला नव्हता.

"अगं, काय झालं?"

"नजर गेली माझी."

"चष्म्याचा नंबर वाढला असेल."

"चष्म्याची नजर नव्हे हो. हाताची."

आत जाऊन वायरमननी चहा टाकला, जो ते एरवी वर्षातून दोनदा टाकत, आणि बाईंना हाताला धरून टीव्हीसमोर बसवलं. "पुन्हा मोज. मी टेपचं दुसरं टोक धरतो."

पुन्हा मोजलं. तेच आकडे. एक दोरा इकडचा तिकडे नाही. वायरमन चहाचा कप घेऊन मागे सरकले आणि सहज हसले.

"काय झालं हसायला?"

"काही नाही गं. ती सायकल बघ. तिचं चाक बघ कसं बसकं आहे. असल्या सायकलवर बसला तर बिचारा बेडकासारखा उड्या मारत जाईल."

बाई पडद्याकडे पाहत राहिल्या. मग उठल्या आणि टेप चाकाला लावली. आडवी, मग उभी.

"आडवं बारा. उभं नऊ."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? चाक कधी बारा बाय नऊ असतं का? चाक गोलच असतं! माझं माप बरोबर आहे, तुमचा टीव्ही चुकतोय. सगळं आडवं ताणतोय तो. चाक ताणलं, तसा माणूस ताणला, कोट ताणला. चार इंचांची कॉलर मुळात तीन इंचांची आहे!"

वायरमनच्या हातातला कप तसाच राहिला. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. टीव्ही आणला त्याच दिवशी त्यांनी चित्राच्या आकाराचं बटण दाबून 'फुल' करून ठेवलं होतं.

"ते... मी केलंय," ते म्हणाले. "जुन्या सिनेमांचं चित्र थोडं चौकोनी असतं. आपल्या जुन्या डब्बा टीव्हीचंही तसंच होतं. आताचा पडदा लांबट आहे. चित्र होतं तसं लावलं तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. म्हटलं, एवढा मोठा टीव्ही काय काळं बघायला घेतलाय? भरून टाकलं."

"दाबा ते बटण."

त्यांनी दाबलं. पडदा आकसला, दोन्ही कडांना साडेचार-साडेचार इंच काळं उरलं आणि मधोमध एक सडपातळ, उंच तरुण सायकलीला टेकून उभा राहिला. चाक गोल. कोट अंगावर असा बसलेला की बाईंच्या तोंडून आपोआप "अहाहा" निघालं. मास्तर अकरा वेळा का गेले असतील, ते त्यांना आत्ता कळलं. मास्तर तरुणपणी असेच दिसत असणार.

"माझ्यामुळे तुझा कोट बिघडला," वायरमन खाली मान घालून म्हणाले.

"कोट बिघडला तर उसवता येतो," बाई म्हणाल्या. "मघाशी मी म्हातारी झाले होते, ती तुमच्या त्या सायकलीमुळे पुन्हा ठीक झाले. चहा द्या इकडे, गार झाला."

पुढचे चार दिवस कोट उसवण्यात गेले. कापड जास्त होतं, कमी नव्हतं, एवढं नशीब. कॉलर तीनवर आली, झडप सव्वापाचवर, खांदे आत. दुसऱ्या ट्रायलला मास्तर आरशासमोर उभे राहिले. मग त्यांनी हवेतच व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि हात फिरवून पाहिला. बाही कुठे अडली नाही.

"ताई," ते एवढंच म्हणाले आणि रुमाल काढला. या वेळी घडीत काही नव्हतं.

कार्यक्रम छान झाला. टेलरबाई आणि वायरमन तिसऱ्या रांगेत होते. बाईंनी संगीत किती ऐकलं देव जाणे. त्यांचं सगळं लक्ष मास्तरांच्या खांद्याच्या शिवणीवर होतं, आणि शिवण शेवटपर्यंत सरळ राहिली.

नंतरच्या रविवारी मास्तर कोट घालूनच आभार मानायला आले, तेव्हा टीव्हीवर एक रंगीत, ऐसपैस सिनेमा चालू होता. यात काळे पट्टे वर आणि खाली. वायरमनना राहवलं नाही. "हा तर आडवा सिनेमा आहे, याला ताणायचं नाही, फक्त थोडं मोठं करू," म्हणून त्यांनी 'झूम' दाबलं. पट्टे गेले. पण टेबलाच्या दोन टोकांना बसून नवराबायको भांडत होती, तीही गेली. उरलं मधलं टेबल, त्यावरची फुलदाणी, डावीकडून एक नाक आणि उजवीकडून एक कोपर.

"कोण बोलतंय?" मास्तरांनी विचारलं.

"फुलदाणी," बाई म्हणाल्या. "अहो, ताणलं की बिघडतं आणि कापलं की जातं. काळं राहिलं तर राहू दे ना. शिवणीत आम्ही आत माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडतो की नाही? ती काय वाया घालवायला सोडतो का? ज्याने शिवलं त्याने जिथे कड धरली, तिथेच ती राहू द्यायची."

वायरमननी निमूटपणे बटण दाबलं. नवराबायको आपापल्या टोकाला परत आली आणि पुन्हा भांडू लागली.

हे वायरमनच्या मनाला इतकं पटलं की मग त्यांना थांबवणं कठीण झालं. कुणाकडे पंखा बसवायला गेले की त्यांची नजर आधी टीव्हीवर जाई. पडद्यावर घड्याळ, ताटली, फुगा, जे काही गोल दिसेल ते खरोखर गोल आहे का ते बघायचे, आणि नसेल तर न विचारता रिमोट उचलून चित्र नीट करून यायचे. बदल्यात काही घेत नसत, फक्त जाताना टेलरबाईंचं टेपचं गणित समजावून सांगत.

एक दिवस फोन आला. मागच्या गल्लीतल्या आजी होत्या. जुन्या सिनेमातली त्यांची आवडती नटी वायरमन येऊन गेल्यापासून एकाएकी वाळली, असं त्यांचं म्हणणं होतं. "चांगली भरलेली होती रे माझी बाई! काय केलंस तिला?"

वायरमननी पाऊण तास समजावलं. चाक सांगितलं, कोट सांगितला, बारा आणि नऊ सांगितले. मग फोन ठेवला आणि हताश होऊन बाईंकडे पाहिलं. "अगं, त्या ऐकायलाच तयार नाहीत."

बाईंनी दाताने दोरा तोडला. "वय काय त्यांचं?"

"ब्याऐंशी."

"मग जा आणि जाड करून द्या," बाई म्हणाल्या. "आणि येताना बसा जरा त्यांच्याजवळ. एकट्याच असतात."

वायरमननी चपला घातल्या आणि निघाले.