धुरपताच्या नावाची आंघोळ

पुण्याच्या प्रयोगशाळेत सोळा वर्षं मी एकच काम करते आहे: स्वादुपिंडाचा कर्करोग घराण्यात कसा उतरतो ते शोधायचं. हा रोग मुकाट वाढतो. डोळे पिवळे होईपर्यंत बहुतेकांचा खेळ आटोपलेला असतो. माझे आजोबा त्याने गेले, थोरले काका गेले, बारा वर्षांपूर्वी बापू, म्हणजे माझे वडील गेले. बापू अंथरुणावर असताना त्यांच्याच तोंडून मी आमची वंशावळ लिहून घेतली आणि घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. एका जनुकात एक अक्षर गळालेलं सापडलं. तसा बिघाड दुसऱ्या कुणात नोंदलेला नव्हता. त्यावर माझा प्रबंध झाला, टाळ्या झाल्या, बढतीही झाली.

गेल्या महिन्यात यवतमाळहून एका बाईचं रक्त आलं. खातूनबी, वय छप्पन्न, राहणार लोहारा. तोच रोग, आणि तेच अक्षर गळालेलं. नमुन्यांची अदलाबदल केली म्हणून मी मदतनिसावर उखडले. पुन्हा तपासलं, तरी तेच. शेवटी फोन लावला. खातूनबीची मुलगी फिजा बोलली. मी विचारलं, अम्मीचं माहेर कुठलं?

"फुलसावंगी. पन माहेर तुटलं तिचं. लग्नाआधी धुरपता नाव होतं."

धुरपता म्हणजे माझी धाकटी आत्या. वंशावळीत तिच्या नावापुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: विसाव्या वर्षी तापाने मृत्यू.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फुलसावंगीत होते. विठ्ठलकाका ओसरीवर चहा पीत होते. त्यांच्या रक्तात बिघाड निघाला नव्हता, त्यामुळे ते निवांत.

"काका, धुरपताआत्या कशानं गेली होती?"

"आता काहून काढून राह्यली ते?"

"ती जिवंत आहे. लोहाऱ्यात."

काकांनी कप खाली ठेवला. "आमच्यासाठी मेली ते. जफर मिस्तरीसंग गेली, तवाच तिच्या नावानं आंघोळ केली आमी."

माझं डोकं फिरलं. "आंघोळ केली की माणूस मरतो का? मी रोग शोधत होते, तुमची अब्रू नाही! खरं सांगितलं असतं तर बारा वर्षं तिला दरवर्षी तपासलं असतं. गाठ लहान असताना सापडली असती कदाचित. बापू मरता मरता खोटं बोलले, आणि तुम्ही शेजारी बसून माना डोलावल्या!"

"आवाज खाली कर. तू बी केलती आंघोळ. सहा वर्षांची होती. पानी थंड हाय म्हनून भोकाड पसरलं होतं."

मला आठवलं, आणि आठवलं याचाच जास्त संताप आला. विहिरीवर सगळं घर रांगेत उभं होतं आणि माझ्याशिवाय कुणी रडत नव्हतं. सहाव्या वर्षी ते कळलं नसेल, पण तिसाव्या वर्षी हातात पेन धरून बसले तेव्हा कळायला हवं होतं. परक्या घराण्यांना मी खोदून खोदून विचारते. स्वतःच्या बापाला एक प्रश्न उलट विचारला नाही. दिव्याखाली अंधार तो हाच.

लोहाऱ्यात आत्या खाटेवर होती. अंग हळदीसारखं पिवळं पडलेलं. मी कोण ते सांगितलं तशी हसली.

"दादा कसा हाय, तुहा बाप?"

आजोबा, काका, बापू गेल्याचं तिला कुणी कळवलंच नव्हतं. माहेरात हा रोग कुणाला होता का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिने बिचारीने सरळ नाही म्हणून सांगितलं होतं.

मी फिजाला अंगणात नेलं. तिला आणि तिच्या भावाला, अरसलानला, हा बिघाड असण्याची शक्यता निम्मी आहे हे समजावलं. आजच रक्त दे, म्हटलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कवापासून मालूम होतं तुमाले?"

"बारा वर्षं."

"बारा वर्षं. आन् आमच्या अम्मीले सांगाले कोनी नाही भेटलं?"

तिने बाही वर सारली.

"घ्या रक्त. मले जगायचं हाय. पन तुमच्या खानदानात मले नका लिहू."

मी तिच्या दंडाला पट्टा बांधायला घेतला. तिने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच दातांनी आवळला.