शोकेसची काच

सासरे सकाळी भांडून मागच्या दाराने निघून गेले आणि त्यांचा दम्याचा पंप गल्ल्यावरच राहिला. चिडले की आबांचा श्वास अडकतो, आणि पंप वेळेत मिळाला नाही तर काय होतं ते आम्ही एकदा दवाखान्यात पाहिलंय. मोबाइल ते बाळगत नाहीत. मी ओळखीच्या दुकानांत एकामागून एक फोन लावत होते.

भांडण आतल्या खोलीवरून. पूर्वी आमच्या स्पीकरच्या दुकानात गिऱ्हाईक यायचं, मोठ्ठा डबा मागायचं, भिंत हादरली की खूश. आता लोक सगळं वाचून येतात, डोळे मिटून बसतात आणि म्हणतात, सिनेमातलं पाऊल नेमकं पाठीमागून ऐकू आलं पाहिजे. दुकानाच्या गोंगाटात कसलं पाऊल अन् कसलं काय! म्हणून नवऱ्याने आबांची दुरुस्तीची खोली मोडून ऐकायची खोली केली. भिंतींना जाड गाद्या, दाराला रबर. आत बोंबललं तरी बाहेर ढिम्म कळत नाही. फक्त खर्जाचा आवाज भिंतीतून पुढे येतो आणि माझ्या शोकेसची काच थरथरवतो. आबांचं टेबल माळ्यावर गेलं. “आधी ती काच थांबवा, मग दर्जाच्या गप्पा मारा,” एवढं बोलून ते निघाले होते.

दाराची आतली मूठसुद्धा आवाजाने खुळखुळायची, म्हणून ती आम्ही कालच काढली. नवी बसेपर्यंत दार आतून उघडणार नव्हतं, म्हणून पाचर लावून ते उघडंच ठेवायचं आणि लावलंच तर एकाने बाहेर थांबायचं, असं आमचं दोघांचं ठरलं होतं. आबांना सांगायचं राहून गेलं.

नवरा म्हणाला होता, राग उतरला की येतील, माझं गिऱ्हाईक यायचंय. आणि तो आतल्या बाजूला गेला. थोड्या वेळाने काच थरथरायला लागली. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. बाप कुठे गुदमरतोय पत्ता नाही आणि हा सिनेमा लावून बसलाय! काच थांबायची, पुन्हा थरथरायची. एरवी मी तरातरा जाऊन दार बडवलं असतं. ही काच वाजली की मी जातेच, घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण आज कानाला फोन होता. मी खोक्याचा पुठ्ठा फाडला, घडी केली आणि काचेच्या फटीत ठोसून बसवला. काच गप्प झाली. मला बरंसुद्धा वाटलं.

तेवढ्यात नवरा रस्त्यावरून आत आला, घामाने निथळत. बागेत नाहीत, दवाखान्यात नाहीत म्हणाला. गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवून तो केव्हाच मागून बाहेर पडला होता.

“मग आत कोण आहे?” मी विचारलं.

त्याचा चेहरा उतरला. मी पंप उचलला आणि धावले. पाचर जमिनीवर, दार गच्च लागलेलं. उघडलं तर आबा गालिच्यावर बसलेले, ओठ काळेनिळे, एक हात अजून आवाजाच्या बटणावर. मी पंप त्यांच्या तोंडाशी धरला. पहिला श्वास आत जाईना. दुसरा अर्धाच गेला. नवरा लहान पोरासारखा रडत होता, आणि मी आबांवर ओरडत होते की श्वास घ्या, घ्या म्हणते ना. मला दुसरं काही येतच नाही.

बऱ्याच वेळाने त्यांची छाती सरळ चालू लागली. मागच्या दारानेच ते परत आले होते; गुपचूप ऐकून बघायचं होतं, लोक कशासाठी एवढे वेडे होतात ते. कुणाला कळू नये म्हणून पाचर त्यांनीच काढली होती.

“हाका मारल्या, ऐकू जाईना,” ते म्हणाले. “मग नुसता खर्ज लावला. म्हटलं, काच वाजली की तू चिडणार. आणि चिडलीस की येणारच.”

त्यांनी माझा हात थोपटला. आवाज चांगला आहे हो, असंही म्हणाले. मी मान हलवली, बाहेर आले आणि फटीतला पुठ्ठा ओढून काढला. तो इतका घट्ट बसवला होता मी, की काढताना नख तुटलं.