मानसीच्या घरी चौकशी

मानसी कशी गेली, हे विचारत श्रुतिका सकाळपासून घाटकोपरच्या त्या चाळीत फिरत होती आणि शेजारणी पढवल्यासारखं एकच सांगत होत्या, चक्कर येऊन पडली. श्रुतिकाचं कामच ते. अपघात म्हणून मिटवलेल्या मृत्यूंमध्ये आत्महत्या किती, हे एका संशोधनासाठी घरोघर जाऊन शोधायचं. लोकांच्या खोटेपणाचा तिला राग येत नसे. त्यांना इथेच तोंड दाखवायचं असतं. 

मानसीची सासू सुलक्षणाकाकू अगदी गोड बोलत होती. मानसीच्या तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन एक तरुण मुलगी चहा घेऊन आली.

"ही जान्हवी, मानसीची धाकटी बहीण. पोराक सांभाळूक इली, आता हयच रवतली," काकू म्हणाली. "वर्षाच्या आत माझ्या नितेशशी लगीन लावन टाकतंव. मावशीसारखी आई खय गावतली?"

सगळ्यांची सोय झाली होती. जान्हवीला कुणी विचारलं नव्हतं.

निरोप द्यायला ती बाळासकट जिन्यापर्यंत आली. "ताई पडली नाही, मॅडम. फोन करून रडायची. आई म्हणायची, सोस थोडं, बाळ झालं की होईल नीट."

"आणि तुला काय म्हणते?"

"बाळाकडे बघून सोस. आता तर माझा फोनपण काकूंनी काढून घेतलाय. कुणाला सांगू नका ना."

"नाही सांगणार," श्रुतिका म्हणाली. प्रत्येक घरात द्यायचं वचन होतं ते, सवयीने तोंडून निघालं. रस्त्यावर आल्यावर तिला स्वतःचीच चीड आली. तिने वरिष्ठांना, अनिरुद्धला फोन लावून जान्हवीचं सगळं सांगितलं.

"अगं, नियम माहितीये ना? घरात ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. उद्या ऑफिसात बोलू."

"उद्या? वेडा आहेस का रे तू?" तिने फोन कापला आणि धावतच जिना चढली.

दार नितेशने उघडलं. "जान्हवी झोपलीय."

"आत्ता तर माझ्याशी बोलत होती."

"झोपलीय म्हटलं ना!" त्याने दार लावून घेतलं.

"जान्हवी, बाळाला घेऊन बाहेर ये!" श्रुतिका बेंबीच्या देठापासून ओरडली. दिलेलं वचन गेलं खड्ड्यात. गॅलरीतल्या बायका एकेक करून आत गेल्या, कड्या लागल्या. आत बाळ टाहो फोडत होतं आणि त्याला कुणीच उचलत नव्हतं. श्रुतिका दोन्ही हातांनी दार बडवू लागली.